मजले आणि जिना

फुटबॉल हा आमच्या महाड-पोलादपूरचा खेळ नाही. दिवाळी सरली, मैदानात चुन्याच्या रेघा पडल्या, की लोक विचारतात, ‘कबड्डी कुणाकुणाची?’ कबड्डी नसली तर टेनिस बॉलचे क्रिकेट. मी बी. ए.पर्यंत शिकलो, कविता लिहितो आणि शाळेत असताना कबड्डीच्या संघात राखीव खेळाडू होतो. राखीव म्हणजे ज्याच्या बनियनला शेवटपर्यंत माती लागत नाही असा. तेव्हा फुटबॉलवर बोलण्याचा तुमचा अधिकार काय, असे कुणी विचारलेच, तर मी माझ्या भाच्याकडे बोट दाखवीन.

भाचा पोलादपूर तालुक्यातला. लहानपणापासून उंच, हात लांब. महाडच्या एका शिक्षकांनी त्याला गोलपोस्टमध्ये उभे केले आणि पोरगा तिथेच रमला. अठराव्या वर्षी तो मुंबईला एका संघाच्या निवड चाचणीला गेला. तिथल्या लोकांनी त्याला नीट पाहिले आणि सरळ सांगितले, ‘हात चांगले आहेत. आता दोन वर्षे इथल्या खालच्या लीगमध्ये खेळ, मग ये.’ सल्ला खरा होता. पण त्यासाठी दोन वर्षे मुंबईत राहायचे म्हणजे खोली, खाणावळ आणि लोकलचा पास. घरी बहिणींची लग्ने व्हायची होती. पोरगा दोन महिन्यांनी परत आला आणि पुढे आमच्या कोकणातल्या शेकडो पोरांसारखा आखातात गेला. आज तो दोह्याला एका गोदामात काम करतो.

या दोह्याच्या खोलीतून त्याने मला फुटबॉल शिकवला. त्याच्या खोलीत एक अल्जेरियाचा माणूस होता. तो फ्रान्समधल्या ल हाव्र नावाच्या संघाचा भक्त. का, तर अल्जेरियाकडून खेळणारा रियाद महरेझ इंग्लंडला जाऊन नाव कमावण्यापूर्वी या संघातून खेळत होता. आणि ल हाव्र खेळत होता फ्रान्सच्या दुसऱ्या श्रेणीत, म्हणजे ‘लीग दोन’मध्ये. मी भाच्याला फोनवर विचारले, ‘अरे, पाहायचा तर पहिल्या श्रेणीचा खेळ पाहावा. दुसऱ्या नंबरचा कोण बघतो?’ तो म्हणाला, ‘मामू, वरच्या मजल्यावर एकदोन संघांनाच काही मिळवायचे असते. इथे प्रत्येकाला काहीतरी गमवायचे असते.’

हे वाक्य माझ्या मनात राहिले. ते मला पूर्ण कळायला २०२२-२३ चा अख्खा हंगाम जावा लागला.

आधी रचना सांगतो. आपल्या गावच्या स्पर्धा बहुधा बाद पद्धतीच्या. एक सामना हरला की संघ टेम्पोत बसून घरी. साखळी स्पर्धा वेगळी. तिथे प्रत्येक संघ दुसऱ्या प्रत्येक संघाशी दोनदा खेळतो, एकदा आपल्या मैदानावर आणि एकदा त्याच्या. जिंकला तर ३ गुण, बरोबरी झाली तर १, हरला तर शून्य. त्या वर्षी लीग दोनमध्ये २० संघ होते, म्हणून प्रत्येकाचे ३८ सामने. (२०२४ पासून संघ १८ आणि सामने ३४.) ऑगस्टच्या आसपास सुरू होऊन मेअखेर-जूनपर्यंत हे चालते. शेवटी गुणांची उतरंड लागते. वरचे संघ पहिल्या श्रेणीत चढतात, तळाचे तिसऱ्या श्रेणीत उतरतात. त्या वर्षी संघांची संख्या कमी करायची होती म्हणून नियम फार कडक होता. वर जाणार दोनच, खाली जाणार चार.

चढणे-उतरणे म्हणजे नुसता मान-अपमान नव्हे. वर गेले की दूरचित्रवाणीच्या हक्कांचे पैसे कितीतरी पटीने वाढतात. खाली गेले की ते आटतात आणि मग खेळाडू विकावे लागतात, कार्यालयातली माणसे कमी करावी लागतात. मैदानावरचे गवत कापणाऱ्या माणसाची नोकरी गोलरक्षकाच्या हातात असते. म्हणून चौदाव्या क्रमांकावरचा संघसुद्धा दहा महिने जीव खाऊन खेळतो.

त्या हंगामात भाच्याचे निरोप मध्यरात्रीनंतर येत. फ्रान्समध्ये संध्याकाळचा सामना सुरू होतो तेव्हा आपल्याकडे सव्वाबारा वाजलेले असतात. ल हाव्र पहिला आला आणि तब्बल १४ वर्षांनी पहिल्या श्रेणीत गेला. त्या रात्री अल्जेरियाच्या माणसाने सगळ्या खोलीला बिर्याणी खाऊ घातली. पण मला लक्षात राहिला तो दुसराच सामना.

२ जून २०२३. हंगामाचा शेवटचा दिवस. बोर्डो हा फ्रान्सचे विजेतेपद सहा वेळा मिळवलेला संघ आदल्या वर्षी खाली घसरला होता. आता तो तिसरा होता आणि वर जाण्याची थोडी आशा शिल्लक होती. समोर रोदेझ हा छोट्या गावाचा संघ, खाली जायच्या भीतीने झुंजणारा. पहिल्या अर्ध्या तासातच रोदेझने गोल केला. तेवढ्यात बोर्डोचा एक प्रेक्षक मैदानात घुसला आणि त्याने गोल करणाऱ्या खेळाडूला ढकलून पाडले. खेळाडूच्या डोक्याला मार बसला, सामना थांबला तो कायमचाच. पुढे निर्णय लागला आणि सामना रोदेझला दिला गेला. बोर्डो खालीच राहिला. वर्षभराने, २०२४ मध्ये, कर्जात बुडालेल्या त्या संघाने व्यावसायिक दर्जा सोडला आणि चौथ्या श्रेणीतून पुन्हा सुरुवात केली. हे सगळे त्या एका धक्क्यामुळे झाले असे मी म्हणणार नाही. कर्ज जुने होते. पण दुसऱ्या श्रेणीत पाय किती निसरड्या जागी असतो, हे त्या रात्री दिसले.

आणखी एक गोष्ट त्याच वर्षाची. आनसी नावाचा संघ गुणतक्त्यात खाली जाणाऱ्यांत होता. पण वरच्या अर्ध्यात असलेल्या सोशो या जुन्या संघाचे हिशेब जुळले नाहीत. फ्रान्समध्ये संघांचे जमाखर्च तपासणारी वेगळी यंत्रणा आहे. तिने सोशोला तिसऱ्या श्रेणीत पाठवले आणि रिकाम्या जागेमुळे आनसी वाचला. दुसऱ्याच्या घरातली पडझड कधी कुणाचे छप्पर होते, ते असे.

जिना फक्त पडण्यासाठी नसतो, म्हणून वर गेलेल्यांचेही सांगतो. गँगाँ हे ब्रिटनी प्रांतातले सात हजारांच्या आसपास वस्तीचे गाव, आमच्या महाडपेक्षा कितीतरी लहान. तिथले मैदान मात्र अठरा हजारांच्या आसपास माणसे मावतील एवढे. या गावाच्या संघाने २००९ मध्ये, दुसऱ्या श्रेणीत असताना, फ्रेंच चषक जिंकला. आणि एन्गोलो कांते. २०१२-१३ मध्ये तो तिसऱ्या श्रेणीत खेळत होता, पुढच्या वर्षी काँ या संघाकडून दुसऱ्या श्रेणीत. तो संघ वर गेला, त्याच्याबरोबर कांतेही. २०१८ मध्ये तो विश्वचषक जिंकलेल्या फ्रान्सच्या संघात होता. मधली एकही पायरी त्याला उडी मारून ओलांडावी लागली नाही. प्रत्येक पायरी जागेवर होती.

तिथे सगळे न्यायाचेच चालते, असेही नाही. पिरेनिज डोंगरातल्या लुझनाक या सहाशे-साडेसहाशे वस्तीच्या खेड्याचा संघ २०१४ मध्ये खेळाच्या बळावर दुसऱ्या श्रेणीत पोचला होता. आधी पैशाचे आणि मग मैदानाचे कारण दाखवून त्याला दारातच अडवले गेले. जिना असला तरी दारवान असतोच.

आता आपल्याकडे येऊ. आमचे महाड मुंबई-गोवा रस्त्यावर आहे. पूर्वी त्याचा क्रमांक १७ होता, आता ६६. या रस्त्याच्या एका टोकाला मुंबईचे कूपरेज मैदान, दुसऱ्या टोकाला फुटबॉलवेडा गोवा. फुटबॉल आमच्या दारावरून जातो म्हणा ना, फक्त थांबत नाही. भारतातल्या दुसऱ्या श्रेणीच्या दोन मोठ्या कहाण्या या दोन टोकांच्याच आहेत.

गोव्याचा धेंपो स्पोर्ट्स क्लब पाच वेळा राष्ट्रीय विजेता. २००४-०५ आणि २००६-०७ मध्ये राष्ट्रीय फुटबॉल लीग, आणि ती बदलून आय-लीग झाल्यावर २००७-०८, २००९-१० व २०११-१२ मध्ये. २०१४-१५ च्या हंगामात हा संघ घसरत घसरत तळाला आला, पण अगदी शेवटी नव्हता. शेवटी होता पुण्याचा भारत एफसी हा नवा संघ. पण त्याला कंपनीचा संघ म्हणून थेट प्रवेश मिळाला होता आणि त्याबरोबर खाली न जाण्याची सवलतही. म्हणून तळाचा संघ राहिला आणि पाच वेळचा विजेता खाली गेला. गंमत म्हणजे ज्याला वाचवले तो भारत एफसी त्या एका हंगामानंतर बंदच झाला. पुण्याचा आधीचा पुणे एफसी २००९ मध्ये दुसऱ्या श्रेणीतून कष्टाने वर चढला होता आणि पहिल्याच वर्षी तिसरा आला होता. तोही २०१५ मध्येच मिटला.

धेंपोने काय केले? रुसून बसला नाही. २०१५-१६ मध्ये दुसऱ्या श्रेणीत उतरला. समोर मणिपूर, काश्मीर, पंजाब, कोलकात्याचे संघ. राष्ट्रीय करंडकांनी भरलेले कपाट घरी ठेवून लांबच्या गावी, थोड्या प्रेक्षकांसमोर खेळायचे. ती स्पर्धा धेंपोने जिंकली. दुसरा आला मिनर्व्हा, जो पुढे २०१७-१८ मध्ये आय-लीगचाच विजेता झाला. धेंपोला पुन्हा वरच्या श्रेणीत जागा मिळाली.

आणि त्याने ती घेतली नाही.

कारण त्याच सुमारास, २०१६ च्या मे महिन्यात, महासंघाचा नवा आराखडा आला. २०१४ मध्ये सुरू झालेली इंडियन सुपर लीग ही सर्वांत वरची स्पर्धा करायची आणि आय-लीग तिच्याखाली ठेवायची. वरच्या स्पर्धेतून कुणी उतरणार नाही आणि तिच्यात कुणी चढणार नाही. म्हणजे धेंपो ज्या मजल्यावर धापा टाकत पोचला, त्याच्या वर आणखी एक मजला बांधला जात होता आणि तिथे जायला जिना नव्हता. धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा, या तिन्ही संघांनी निषेध म्हणून आय-लीगमधून अंग काढून घेतले.

यातून एक नवल घडले. मिझोरमचा ऐझॉल संघ त्या वर्षी आय-लीगमधून खाली गेला होता. गोव्याचे संघ बाहेर पडल्यामुळे त्याला परत बोलावले गेले, आनसीसारखेच. त्याच सुमारास मुंबई एफसीने आपले प्रशिक्षक खालिद जमील यांना निरोप दिला होता. ते ऐझॉलला गेले. २०१६-१७ च्या हंगामाअखेर ऐझॉल, म्हणजे बाद झालेला संघ, भारताचा विजेता ठरला. आणि त्याच तक्त्यात अगदी तळाला होता मुंबई एफसी. पुढे ऑगस्ट २०२५ मध्ये जमील भारताच्या राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक झाले.

ही रस्त्याच्या दुसऱ्या टोकाची कहाणी. मुंबई एफसी २००७ मध्ये स्थापन झाला. २००८ मध्ये त्याने दुसऱ्या श्रेणीचे विजेतेपद मिळवले आणि आय-लीगमध्ये प्रवेश केला. म्हणजे दारातून आला, जिना चढून. नऊ हंगाम टिकला. २०१७ मध्ये खाली गेला आणि पुन्हा उभा राहिलाच नाही. कारण खाली उतरून परत चढावे असे वर काही उरले नव्हते. शहराचे प्रेक्षक, पैसा, कॅमेरे सगळे न उतरणाऱ्या मजल्यावर गेले होते.

दुसरी बाजू मला माहीत आहे आणि ती खोटी नाही. जो मालक कोट्यवधी रुपये घालतो, त्याला एका वाईट हंगामात सगळे बुडण्याची भीती घालून चालत नाही, असे बंद स्पर्धेचे पाठीराखे म्हणतात. सुपर लीगमुळे चांगली मैदाने आली, परदेशी प्रशिक्षक आले, खेळाडूंचे पगार वाढले. हेही खरे की २०२२-२३ पासून आय-लीगच्या विजेत्याला वर जाण्याची वाट मिळाली. २०२३ मध्ये पंजाब, २०२४ मध्ये कोलकात्याचा मोहम्मेडन स्पोर्टिंग असे वर गेले. धेंपोही २०२४ मध्ये पुन्हा दुसऱ्या श्रेणीत परतला. पण २०२४-२५ च्या हंगामापर्यंत वरून खाली मात्र कुणी आले नाही. एकाच दिशेचा जिना हा अर्धाच जिना.

मी महाडचा आहे, म्हणून या ठिकाणी मला थांबावे लागते. आमच्या गावातल्या चवदार तळ्यावर २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आपल्या माणसांसह आले आणि ओंजळीने पाणी प्यायले. त्याच्या सात वर्षे आधी, ‘मूकनायक’च्या पहिल्या अंकात, त्यांनी जातींच्या समाजाला एका मनोऱ्याची उपमा दिली होती. मजले आहेत, पण एकातून दुसऱ्यात जायला जिना नाही. खेळाची आणि त्या दुःखाची तुलना करण्याचा आगाऊपणा मी करणार नाही. पाण्याला शिवू न देणे आणि सामना खेळू न देणे एक नव्हे. पण त्या तळ्याच्या काठी वाढलेल्या माणसाला एक सवय लागते. कुठलीही इमारत दाखवली, की तो आधी जिना कुठे आहे ते पाहतो.

आणि जिना पाहायचा तर खालच्या पायरीपासून. माझा भाचा पडला तो वरच्या मजल्यावरून नव्हे. त्याची पहिली पायरीच पोलादपूरपासून पावणेदोनशे-दोनशे किलोमीटरवर होती. गँगाँच्या पोराची पहिली पायरी त्याच्या गल्लीत असते, तालुक्याची लीग, मग जिल्ह्याची, मग प्रांताची. आमच्याकडे मुंबईच्या खाली, महाडच्या वर, मध्ये काही नाही. कांतेसारखा पोरगा आमच्या डोंगरात कधी जन्मलाच नसेल, असे मला वाटत नाही. तो कुठल्यातरी गोदामात खोकी उचलत असेल.

गेल्या हिवाळ्यात भाचा दोन महिन्यांच्या रजेवर आला. भात कापून झाले होते. त्याने आजूबाजूच्या आठ वाड्यांतली पोरे जमवली. मुसलमान मोहल्ल्याची, मराठ्यांची, बौद्धवाडीची, कातकरी वाडीची. सहा-सहा जणांचा संघ, बांबूचे गोलपोस्ट, खाली खुंट टोचू नयेत म्हणून माती सपाट केलेले खाचर. मी म्हटले, ‘बाद पद्धतीने घे, दोन दिवसांत आटपेल.’ तो म्हणाला, ‘नाही मामू. वरचे चार, खालचे चार. सगळे सगळ्यांशी खेळणार. शेवटी वरचा चौथा खाली, खालचा पहिला वर. पुढच्या वर्षी तिथूनच सुरुवात.’ त्याने हा नियम वहीच्या कागदावर लिहून किराणा दुकानाच्या फळीवर चिकटवला.

सहा रविवार स्पर्धा चालली. बक्षीस द्यायला मला बोलावले होते, कारण कवीला दुसरे काही काम नसते अशी गावाची समजूत आहे. अंतिम विजेता आदल्या रविवारीच ठरून गेला होता. तरी शेवटच्या दिवशी बांधावर उभे राहायला जागा नव्हती. बायका डोक्यावरचे हंडे उतरवून थांबल्या होत्या. वरच्या गटातले तिसरा आणि चौथा, दोघांचे गुण सारखे, आणि हरणारा खाली जाणार. करंडकाशी त्या सामन्याचा काही संबंध नव्हता.

एका गोलने निकाल लागला. हरलेल्या वाडीची पोरे खाचरात तशीच बसून राहिली. मला वाटले, आता ही पोरे पुन्हा काही येत नाहीत. तेवढ्यात त्यांतला सर्वांत लहान उठला, दुकानाच्या फळीपाशी गेला आणि कागदावरचा नियम बोट ठेवून वाचू लागला. वाचून झाल्यावर माझ्याकडे वळून म्हणाला, ‘चाचा, म्हणजे पुढच्या वर्षी खालच्यात पहिले आलो तर परत वर ना?’

मी म्हटले, ‘हो. लिहिलेच आहे तसे.’

‘मग ठीक आहे,’ तो म्हणाला आणि गोलपोस्टचे बांबू उपटायला गेला.